डॉ. आनंदीबाई जोशी : एका परदेशगमनाची पूर्वतयारी

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुले आज उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. त्यांच्यासाठी परकीय भाषेचे वर्ग असतात, तेथील चालीरीतींची माहिती देणाऱ्या पुस्तिका असतात. यांपैकी काहीही नसताना, वयाच्या अठराव्या वर्षी एकटीने अमेरिकेस गेलेल्या एका मराठी स्त्रीचे चरित्र म्हणूनच पुन्हा पाहण्यासारखे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते व पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीस शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. परंतु शिकवण्याची रीत मात्र कठोर, प्रसंगी क्रूर होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. स्त्रियांवर उपचार करावयास स्त्री वैद्य हवी, हा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला.

त्यांची परदेशाची तयारी वस्तुतः स्वदेशातच झाली. टपाल खात्यातील बदल्यांमुळे हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि अखेर श्रीरामपूर असे फिरत राहिले. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या फिरतीचा अर्थ सांगावयास नको. दर ठिकाणी नवी बोली, नवे शेजारी, नवे आहारविहार. मुंबईत मिशनच्या शाळेत जाताना आणि पुढे कलकत्त्याच्या रस्त्यांवर त्यांना लोकांचे टोमणे सोसावे लागले. परक्यांमध्ये आपलेपण न सोडता कसे वावरावे, याचे शिक्षण त्यांना असे मिळत गेले.

दुसरे शिक्षण पत्रांतून झाले. पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले आणि १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई इंग्रजीत लिहीत. आपल्या चालीरीती, बालविवाह, धर्म यांविषयी समजावून सांगत. परकी भाषा त्या केवळ परीक्षेसाठी शिकल्या नाहीत. स्वतःचा देश दुसऱ्यास सांगण्यासाठी ती त्यांनी वापरली. म्हणूनच ती त्यांच्या हाती वळली. पाहता पाहता कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जातो, एकटी का जातो, परतल्यावर जातीबाहेर टाकले जाईल याची भीती का वाटत नाही, याची उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हा त्यांचा निर्धार होता. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीचे काही महिने त्या रोझेलला मावशींच्या घरी राहिल्या. घरातली बोली, जेवणाच्या मेजावरील रीत, पाहुण्यांशी बोलण्याची पद्धत या गोष्टी वर्गात शिकवून येत नाहीत. त्या अशा घरातच कळतात.

त्यानंतर फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तेथे त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही; मात्र कडाक्याच्या थंडीत पाय उघडे पडू नयेत म्हणून नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. काय राखावे आणि काय बदलावे, याचा हा विवेक होता. पदवीच्या प्रबंधासाठीही त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभास इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेणारी ही पहिली हिंदू स्त्री.

मनाची आणि भाषेची तयारी अशी पुरी होती. शरीराची मात्र कोणी केलीच नव्हती. तेथील थंडी, अपुरा आहार, अतिश्रम यांनी मुळातच नाजूक प्रकृती खचली आणि क्षयाने गाठले. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूक हाती असताना, मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी मावशींकडे धाडण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

आपल्या मुलांना निरोप देताना या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. परकी भाषा शिकताना आपले सांगण्यासारखे काहीतरी त्यांच्यापाशी असू द्यावे. ते घरच्या मराठीतूनच येते. आणि तिकडच्या हवेत, तिकडच्या अन्नावर शरीर कसे टिकेल, तिथे दुखलेखुपले तर हाक कोणास मारावी, याचा विचार निघण्यापूर्वीच करावा. निर्धाराला आनंदीबाईंपाशी तोटा नव्हता. पण निर्धाराने थंडी भागत नाही.