अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास

कोलकाता ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,७५० किलोमीटर आहे. वाटेत एखादे विमान बदलावे लागले, तरी आजचा प्रवासी साधारणतः दिवसभरात तेथे पोहोचतो. १८८३ मध्ये याच प्रवासाला आनंदीबाई जोशी यांना तब्बल ५८ दिवस लागले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे अठरा.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील या मुलीचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीने शिकावे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. स्त्रियांना आपले दुखणे निःसंकोचपणे सांगता येईल अशी स्त्री डॉक्टर असती तर, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले आणि १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. बोटीने जाणाऱ्या या पत्रांनीच एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जोडले.

परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला, असे मानणारा तो काळ. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपला निर्धार सांगितला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. ७ एप्रिलला ‘सिटी ऑफ कॅलकटा’ ही बोट त्यांना घेऊन निघाली. पती सोबत नव्हते. होत्या त्या काही मिशनरी स्त्रिया. सुएझमार्गे इंग्लंड, तेथे बोट बदलून अटलांटिक पार आणि ४ जूनला न्यूयॉर्क. कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घेण्यासाठी बंदरावर आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. परकी थंडी, शाकाहाराची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांनी प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये अमेरिकेहून निघून त्या नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरल्या, पण क्षयाने गाठले होते. कोल्हापूरला रुजू होणे घडलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

कलकत्त्याहून निघाल्यापासून त्यांना चार वर्षेही लाभली नाहीत आणि त्यांतील सुमारे तीन महिने बोटीवरच गेले. मायदेशातील रुग्णसेवेला मात्र एक दिवसही उरला नाही. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.