‘बॉड रेट’मधले बॉड म्हणजे नक्की कोण?

माझ्या पहिल्या नोकरीत पाण्याच्या टाक्यांवरचे डेटा रेडिओ कॉन्फिगर करायचं काम होतं. टाकीवरचा लॉगर दर तासाला साठलेले आकडे सिरियल पोर्टमधून एकदम ओतायचा आणि रेडिओ ते कंट्रोल रूमला पाठवायचा. टेस्टिंगला लिंक ९६ केबीपीएस दाखवत होती, म्हणून मी पोर्टचा बॉड रेट ५७६०० ठेवला आणि निवांत घरी आले. पावसाळ्यात मधली झाडं दाटली आणि रोज काही आकडे गायब व्हायला लागले. बॉड आणि बिट एकच, असं मी धरून चालले होते. चूक शोधता शोधता त्या नावाच्या माणसापर्यंत पोचले.

एमिल बोदो. जन्म १८४५, फ्रान्समधल्या मान्यो गावात. वडील शेतकरी, शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपुरतं. (डिग्रीवाल्या मला इथे जरा ओशाळल्यासारखं झालं.) विशीपर्यंत शेतीच केली, मग तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. तिथे मोर्स शिकले आणि अक्षरं छापणारं ह्यूजचं यंत्रही. १८७० मध्ये युद्ध आलं, त्यात थोडा काळ सैन्यात जाऊन आले.

पॅरिसला परतल्यावर त्यांना एक गोष्ट खटकत होती. एवढी महागडी तार टाकायची आणि ऑपरेटर पुढचं बटण दाबेपर्यंत ती रिकामी! नोकरी सांभाळून, स्वतःच्या फावल्या वेळात त्यांनी यावर उपाय काढला आणि १८७४ मध्ये पेटंट घेतलं.

मोर्समध्ये काही अक्षरं आखूड, काही लांब. बोदोंनी प्रत्येक अक्षराला बरोबर पाच खुणा दिल्या. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’, म्हणजे आजच्या भाषेत पाच बिट, ३२ जुळण्या. ऑपरेटरपुढे पाचच बटणं, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. अक्षराचा वेळ ठरलेला असल्यामुळे फिरणारा ब्रश एकच तार अनेक ऑपरेटरांना आळीपाळीने जोडून देऊ शकायचा. यंत्राचा टकटक आवाज आला की आपली पाळी. ताल चुकला की अक्षर चुकलं. दोन्ही टोकांची यंत्रं एकाच वेगाने फिरायला हवीत ही अटही तेव्हाचीच. सिरियल पोर्टच्या एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला १९२०० ठेवून स्क्रीनवर कचरा बघितलाय ना? तेच.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. पण प्रयोगांना खात्याकडून पैसा फारसा मिळेना, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी ते पदकच विकलं. शिवाय याच कल्पनेवर हक्क सांगणाऱ्या लुई मिमो यांच्याशी कोर्टकज्जे चालले ते वेगळेच. १९०३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी बोदो गेले. ‘बॉड’ हे एकक त्यांच्या नावाने रुजलं ते १९२० च्या दशकात, म्हणजे त्यांना ते कधी कळलंच नाही.

आता माझी चूक. बॉड म्हणजे सेकंदाला किती खुणा, किंवा सिम्बॉल. बोदोंच्या तारेवर एका खुणेत एकच बिट जायचा. सिरियल पोर्टवर आजही तसंच, म्हणून तिथे बॉड आणि बिट सारखे दिसतात. रेडिओवर मात्र एका सिम्बॉलमध्ये जास्त बिट कोंबता येतात: ६४ क्यूएएममध्ये सहा, १६ क्यूएएममध्ये चार, क्यूपीएसकेमध्ये दोन. अडॅप्टिव्ह मॉड्युलेशन सिग्नल बघून यातलं एक निवडतं. तुमचा फोनही टॉवरपासून लांब गेल्यावर हेच करतो, म्हणून नेट तुटत नाही, नुसतं मंदावतं.

माझा रेडिओ सेकंदाला १६,००० सिम्बॉल पाठवत होता. सहा बिटांनी ९६ केबीपीएस. झाडं दाटल्यावर तो क्यूपीएसकेवर उतरला, सिम्बॉल तेवढेच, पण वेग ३२. लॉगर मात्र ५७६०० नेच ओतत होता. बफर भरला की पुढचे बाइट सांडत होते, एरर न दाखवता.

मी पोर्ट आणि लॉगर दोन्ही १९२०० वर आणले आणि आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल चालू केला, म्हणजे रेडिओ भरत आला की लॉगरला थांबवू शकेल. त्या झाडांची एक फांदीही तोडावी लागली नाही.