डॉ. कॅनर यांची आवाजांची यादी

नळाचे वाहते पाणी, लिफ्ट, झोपाळा, अंडी फेटायचे यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, इतकेच काय, नुसता वारा! अशा साध्या गोष्टींनी काही मुलांचा जीव घाबराघुबरा होतो, ही नोंद डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये करून ठेवली. आपल्याकडे ही यादी झाली असती, तर कुकरची शिट्टी पहिली आली असती.

कॅनर यांचा जन्म १८९४ चा. गाव तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत, आजच्या युक्रेनमध्ये. व्हायचे होते कवी; झाले बर्लिनमध्ये डॉक्टर. १९२४ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि १९३० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या मानसोपचाराचा विभाग उभा केला. १९३८ मध्ये मिसिसिपीतल्या एका वडिलांचे मुलाविषयीचे ३३ पानी पत्र त्यांच्या हाती आले. पुढच्या काही वर्षांत तशा तऱ्हेची अकरा मुले त्यांनी पाहिली. आठ मुलगे, तीन मुली. त्यांच्यावर लिहिलेल्या लेखातून स्वमग्नता वैद्यकाला ठाऊक झाली.

नजर मोठी बारीक. एक मूल व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेल्या कपाटापाशीही फिरकत नसे. तो सुरू झाला की कान झाकून गॅरेजमध्ये पळे. हे कॅनर यांनी टिपले, पण अर्थ लावताना ते फसले. हीच मुले स्वतः तेवढाच गोंगाट मजेत करतात, मग भीती आवाजाची नसून एकांतात कोणी घुसल्याची असणार, असा त्यांचा तर्क. वरवर पटतोही. पण भांडे आपटणाऱ्याला आवाज कधी येणार हे ठाऊक असते. दचकतो तो शेजारचा. मिक्सर लावण्याआधी सांगितले तर काही मुलांना तो सोसतो, ते यामुळेच. या मुलांच्या मेंदूत आवाज, स्पर्श, उजेड, वास यांची चाळणीच वेगळी. एखाद्याला कॉलरचे लेबल काट्यासारखे टोचते, तर एखाद्याला खरचटल्याचाही पत्ता नसतो. नातेवाईक मात्र त्याला हट्टी ठरवून मोकळे होतात.

पालकांच्या थंड स्वभावाबद्दलही कॅनर यांनी लिहिले आणि कित्येक आयांच्या माथी दोष बसला. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला, पालकांच्याच मेळाव्यात, त्यांनी आईबापांना त्या आरोपातून जाहीरपणे मोकळे केले. आवाजांच्या यादीला मात्र अजून थांबायचे होते. कॅनर १९८१ मध्ये वारले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या निकषांत संवेदनांचा हा वेगळेपणा स्पष्टपणे आला, तो २०१३ मध्ये.