२५व्या वर्षी दिवाणपद सोडलं आणि शस्त्रं जमवली, अजिंठ्याच्या जहागीरदाराची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून लेण्यांकडे जाताना घाटाच्या अलीकडे अजिंठा गाव लागतं. निजामाच्या काळात हे गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होतं. याच घराण्यातल्या एकाने जुन्या शस्त्रांचा असा संग्रह केला, की तो बघायला आज लोक हैदराबाद गाठतात.

त्यांचं नाव मीर युसुफ अली खान, म्हणजेच सालारजंग तिसरे.

जन्म १३ जून १८८९, तोही आपल्या पुण्यात. महिनाभरातच वडील गेले. आजोबा सालारजंग पहिले हे तीस वर्षं हैदराबादचे दिवाण होते, त्यामुळे नातवाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. १९१२ साली सातव्या निजामाने त्यांना दिवाण केलं. वय होतं २३.

पण १९१४ मध्येच त्यांनी पद सोडलं. पुढची ३५ वर्षं एकच नाद, वस्तू जमवणं.

आजोबा-वडिलांनी जमवलेलं घरात होतंच. त्यात युरोपातून, मध्यपूर्वेतून आणि भारतभरातून भर पडत गेली. हैदराबादच्या त्यांच्या वाड्यात, दिवाण देवडीत, विक्रेत्यांची रीघ लागायची. घड्याळं, हस्तलिखितं, हस्तिदंत आणि शस्त्रं. तलवारी, कट्यारी, ढाली, तोडेदार बंदुका, पिस्तुलं, सगळंच.

आता शस्त्रं जमवण्यात एवढं काय?

तर पिस्तूल कुठल्या काळातलं, हे त्याच्या चापावरून कळतं. पण ते कुणाचं, हे सोबतच्या वस्तू सांगतात. जुने घोडेस्वार पिस्तुलांची जोडी खोगिराला बांधलेल्या चामडी होल्स्टरमध्ये ठेवायचे. त्या होल्स्टरवरची खूण, मुठीवर कोरलेलं नाव, पलटणीचा बिल्ला यावरून मालक सापडतो. म्हणूनच महायुद्धातली पिस्तुलं जमवणारे आजही मूळ होल्स्टर आणि बिल्ल्यासह असलेल्या पिस्तुलाला जास्त मोल देतात.

सालारजंग संग्रहात ही गंमत दिसते. तिथे औरंगजेबाची मानली जाणारी शस्त्रं आहेत आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याचीही. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि तानाशाहला आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. त्याची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाचीही तिथेच. जिंकणारा आणि हरणारा, दोघांची माती आपल्या जिल्ह्यात आणि शस्त्रं एका छताखाली. त्या शस्त्रांवरची नावं हरवली असती, तर उरलं असतं नुसतं लोखंड.

आणि एकदा तशी वेळ जवळ आलीही होती.

२ मार्च १९४९ रोजी सालारजंग वारले. लग्न केलेलं नव्हतं, थेट वारस नव्हता. हैदराबाद संस्थान भारतात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. नातेवाइकांचे दावे सुरू झाले. वाटण्या झाल्या असत्या तर तलवार एकीकडे, म्यान दुसरीकडे गेली असती.

पण सरकारने मालमत्तेसाठी समिती नेमली, वस्तू दिवाण देवडीतच मांडल्या आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडलं. पुढे वारसांशी तडजोड झाली, १९६१ मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्व दिलं आणि १९६८ मध्ये संग्रह मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला.

ज्या माणसाला वारस नव्हता, त्याचा संग्रह अखंड राहिला तो असा.

तुमच्याही घरात पणजोबांची महायुद्धातली पदकं, बिल्ले, पट्टा असेल तर ते वेगवेगळ्या भावंडांत वाटू नका. कुणाचं, कुठल्या पलटणीतलं, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवा. पिस्तूल निघालं तर मात्र आधी पोलिसांना कळवा, कारण चालू शकणाऱ्या किंवा दुरुस्त होऊ शकणाऱ्या शस्त्राला परवाना लागतोच, मग ते कितीही जुनं असो.