संत एडिथ स्टाइन आणि त्यांची माता

संत एडिथ यांचा जन्म जर्मनीतील तत्कालीन ब्रेस्लाव नगरीत 12 ऑक्टोबर 1891 रोजी, यहुदी लोकांच्या प्रायश्चित्तदिनी झाला. माता औगुस्टाबाई त्या समयी 42 वर्षांच्या होत्या. हे त्यांचे अकरावे व शेवटचे अपत्य. पुढे दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. तरी त्या धर्मनिष्ठ यहुदी मातेने लाकडाची वखार स्वतः चालवून सात मुले वाढविली. ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यातील मातांस असे कष्ट नवीन नाहीत.

1 जानेवारी 1922 रोजी एडिथबाईंनी स्नानसंस्कार घेतला. मातेस अतीव दुःख झाले. तथापि कन्या मातेसमवेत सभास्थानात प्रार्थनेस जाई. 1933 साली कोलोन येथील कार्मेल मठात प्रवेश केल्यावरही त्या मातेस दर आठवड्यास पत्र धाडीत. 14 सप्टेंबर 1936 रोजी मातेने पूर्वजांच्या धर्मातच देह ठेवला. पुढे 9 ऑगस्ट 1942 रोजी ऑश्वित्झ येथे नाझींनी एडिथबाईंचा, यहुदी वंशाच्या म्हणून, भगिनी रोझासह वध केला. 1998 साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले.

आपल्यापैकीही कित्येकांचे आप्त अन्य धर्माचे आहेत. ख्रिस्तास वरिले म्हणून मातेचे ऋण फिटत नाही, हे या संतचरित्रावरून ध्यानी धरावे.