ओले एव्हिनरूड : होडीला इंजिन जोडणारा कारागीर

कंधारच्या जगत्तुंग समुद्राच्या काठी एखाद्या मुलाने विचारलं, की होडीच्या मागे इंजिन लावायचं कुणी रूढ केलं, तर त्याला ओले एव्हिनरूडची गोष्ट जरूर सांगा.

ओलेचा जन्म १८७७ मध्ये नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले. शाळा लहानपणीच सुटली, पण यंत्रांचं वेड सुटलं नाही. कारखान्यात राबत तो स्वतःच शिकत गेला. सहलीला गेल्यावर बेससाठी आइस्क्रीम आणायला त्याने तळ्यात होडी वल्हवली. परत येईपर्यंत ते वितळलं, असं सांगतात. १९०९ मध्ये त्याने दीड अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन विक्रीला आणले. वजन सुमारे २८ किलो!

जाहिरात आणि हिशेब पत्नी बेसने सांभाळले. तिची तब्येत ढासळली तेव्हा त्याने चालता धंदा विकला. पुढे १९२१ मध्ये ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन घेऊन दोघं पुन्हा उभी राहिली. १९३४ मध्ये ओलेचे निधन झाले.

त्याची जुनी इंजिने हौशी लोक आजही चालवतात. देखभाल आपल्या जुन्या लुनासारखीच : पेट्रोलमध्ये मापात ऑइल मिसळायचं, प्लग स्वच्छ ठेवायचा. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम!

तुमच्या वर्गातही पाढे चुकणारा, पण सायकल झटक्यात दुरुस्त करणारा एखादा ओले असेलच. त्याची शाळा मात्र सुटू देऊ नका.