नागपूर-राजनांदगाव रेल्वेत भेट मिळालेल्या पुस्तकानं बदललं कवीचं आयुष्य. कोण होते रेव्हरंड ना. वा. टिळक?

गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा करत डोंगरगडकडे जाणारा रेल्वेमार्ग जिल्ह्यातल्या प्रवाशांच्या रोजच्या ओळखीचा. नागपूरहून राजनांदगावला नेणाऱ्या याच मार्गावर १८९३ च्या सुमारास नोकरीच्या शोधात निघालेल्या एका मराठी कवीची एका अनोळखी प्रवाशाशी भेट झाली. गोंदियाचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. कवीचं नाव नारायण वामन टिळक. या भेटीनंतर त्यांच्या आयुष्यात काय घडलं, ते जाणून घेऊ.

टिळक कोण होते?

‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. ती टिळकांची. फुलांवर आणि मुलांवर लिहिणारा कवी अशी त्यांची ओळख आहे. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील कडक स्वभावाचे, आई मायाळू. अकराव्या वर्षी आई गेली आणि घर सुटलं. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. मनकर्णिका गोखले, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई टिळक, यांच्याशी लग्न झालं, पण मन कुठे रमेना. नोकऱ्या आणि गावं बदलत राहिली. १८९१ मध्ये नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांना वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचं काम मिळालं. ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी काही काळ चालवलं. तेही काम थांबलं, तेव्हा राजनांदगाव संस्थानात नोकरी शोधायला ते निघाले.

रेल्वेत नेमकं काय घडलं?

डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि धर्मावर येऊन पोहोचल्या. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं वचन त्यांनी दिलं आणि पाळलं. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. जातिभेदाच्या पलीकडे जाणारा, समाजाला जोडणारा धर्म ते बरीच वर्षं शोधत होते. तो इथे सापडला, असं त्यांना वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत काय होती?

श्रद्धा मिळाली की संकटं संपतात, असा समज असतो. टिळकांच्या बाबतीत उलट झालं. त्या काळी चित्पावन ब्राह्मणानं धर्म बदलणं म्हणजे नातेवाईक आणि प्रतिष्ठा दोन्ही गमावणं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. सुमारे पाच वर्षं पती-पत्नी वेगळे होते. टिळक अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. नव्या श्रद्धेनं मनाला आधार दिला, पण घर रिकामं होतं.

कुटुंब पुन्हा एकत्र कसं आलं?

लक्ष्मीबाई परतल्या, त्या स्वतःचं सोवळं सांभाळूनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा होत असे. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही, वाट पाहिली. हळूहळू लक्ष्मीबाईंनाच वाटू लागलं की जाती माणसानं केल्या आहेत, देवानं नाही. मग कोणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या छावणीत याच लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली.

मराठीला यातून काय मिळालं?

ख्रिस्ती झालं म्हणजे इंग्रजी वळण घ्यायचं, हे टिळकांना मान्य नव्हतं. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग, भजन आणि कीर्तनात आणली. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. त्यांनी रचलेली शंभराहून अधिक गीतं मराठी चर्चमध्ये रुजली. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात त्यांचा पुढाकार होता. तरुण बालकवी ठोंबरे यांना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

शेवटची वर्षं कशी होती?

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं.

ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं होतं टिळकांनीच. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांमध्ये गणलं जातं. रिकाम्या घरात पाच वर्षं धरून ठेवलेल्या आशेचं काय झालं, हे समजून घ्यायचं असेल तर ते पुस्तक उघडावं. त्यात टिळकांचं कौतुक आहे, तसा त्यांचा विक्षिप्तपणा आणि घरातली चणचणही आहे.